मठार

नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीच्या पार शेवटाला
निजामपूरकरांनी स्कूटरला टिचक्या मारून पाहिल्या,
कलिंगड पाहावं तशा.
फूटबोर्डपाशी आवाज बद्द आला.
"इथं पत्रा नाहीच. नुसता रंग उभा आहे."

रंग आंतरदेशीय पत्राचा निळा,
कंपनीतून आला तोच, एकोणऐंशी सालचा.
मी म्हटलं, तो तेवढा जाता कामा नये.
"रंगवून हवी तर दोन दिवस," ते म्हणाले,
"न रंगवता हवी तर महिना."

महिनाभर दर शनिवारी जायचे.
गंज कापला आधी आठ आण्याएवढा,
मग रुपयाएवढा, मग चांगला तळहाताएवढा.
वेल्डिंगआधी भोवती ओल्या चिंध्या,
त्यावर गणपतीतली उरलेली शाडू, कडं करून.
एक टाका. थांब. एक टाका. थांब.
मधेच हाताची पालथी बाजू लावून बघायचे,
विरजणाआधी दूध बघावं तसं.
निळा राहिला.
एका कडेला चहाच्या डागाएवढी रेघ उठली
तर त्या दिवशी माझ्याशी बोललेच नाहीत.

मग डावा डोम.
आतून ठोकळा, बाहेरून लाकडी मोगरी,
बारकेसारके पोचे एकेक करून वर आले.
मोठ्यापाशी हात थांबला.
"हा कशाचा?"

म्हशीचा.
आमच्या घरात लहान पोरांनासुद्धा पाठ आहे,
खडकीच्या पुलाखाली शरयूआत्या, समोरून म्हैस.

त्यांनी डोम उजेडात तिरका धरला.
"म्हैस घासत जाते हो, ओरखडा सोडते.
हा एकाच जागी बसलाय, खालून वर.
टाच आहे ही. बुटाची.
गाडी स्टँडवर होती तेव्हा."
आणि जरा वेळानं,
"रंग फुटला नाही मात्र. ताणला, पण धरून राहिला.
आता पत्रा मागे नेला तर तडकेल.
आणि हे बघा, पोच्यात चकाकी जास्त आहे.
कुणीतरी इथं रोज जास्त पुसलंय."

रात्री बिबवेवाडीला फोन लावला.
टेलिफोन एक्स्चेंजात छत्तीस वर्षं काढलेली आत्या
अजून तीन मिनिटांत विषय संपवते.
"म्हैसच होती," म्हणाली.
"अकाउंट्सला होती."

मग बराच वेळ लाइन नुसतीच चालू.

"अख्ख्या ऑफिसात स्कूटरवर येणारी बाई मी एकटी.
दुसऱ्या दिवशी त्याच्याच गाडीशेजारी लावली.
रिटायर होईस्तोवर तिथंच लावली."
काढायचा का गं, मी विचारलं.
"रंग जाणार असेल तर नको.
हिरवी लगेच देत होते.
निळीसाठी मी नंबर सोडून चार महिने थांबले होते."
तीन मिनिटं झाली असावीत. तिनं फोन ठेवला.

निजामपूरकरांना सांगितलं तर मान हलवली फक्त.
शेवटच्या शनिवारी, बिल लिहिता लिहिता, न विचारता:
"वडील तांबट आळीत बंब ठोकायचे.
वरून मठार. एकाला लागून एक, हजारभर ठोके,
त्यानं पत्रा घट्ट होतो.
त्यांना पोचे पाडायचे पैसे मिळायचे,
मला काढायचे मिळतात.
ह्या एकाचे घेत नाही."
बिलात एक ओळ खरंच खोडली होती,
खालची बेरीज मात्र आधीचीच.
मी दाखवलं नाही.

पहिली किक वाया. दुसरीही.
उजवीकडे कलती केली, पेट्रोल येऊ दिलं,
तिसरीला गल्ली निळसर धुरानं भरून गेली
आणि समोरचा टायरवाला खोकत बाहेर आला.
निजामपूरकरांनी खांद्यावरची चिंधी काढली,
पोचा पुसला, वाकून पाहिला, पुन्हा पुसला.
चिंधी माझ्या हातात दिली.
"असू द्या डिकीत," म्हणाले.